सहा गाड्यांची शर्यत आणि पाच गुण

मागच्या महिन्यात मराठी शाळेच्या मधल्या सुट्टीत दोन मुलांचं भांडण कानावर आलं. नेटफ्लिक्सवरची 'ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह' बघून हल्ली आपल्या घरांतली दहा-बारा वर्षांची पोरं टायरच्या रंगांवरून तावातावाने वाद घालतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. एकाचं म्हणणं, फॉर्म्युला वनमध्ये भारतीय कधी चमकलाच नाही. दुसऱ्याने लगेच फोनवर शोधून दाखवलं: नरेन कार्तिकेयन, २००५, अमेरिकन ग्रां प्री, चौथा क्रमांक. पहिल्याने फोन हातात घेतला, बोटाने पान खाली सरकवलं आणि म्हणाला, "अरे, पण त्या रेसमध्ये गाड्याच सहा होत्या!" झालं. दुसरा गप्प बसला.

तो असा गप्प बसला, ते काही मला पटलं नाही. त्याला उत्तर देता यायला हवं होतं. तेव्हा आजचा कार्यक्रम त्याच्यासाठी, आणि अर्थात तुम्हा सगळ्यांसाठी.

सुरुवात करू कोइंबतूरपासून. ज्यांनी ते शहर पाहिलेलं नाही त्यांना सांगायचं तर आपलं कोल्हापूर आणि इचलकरंजी एकत्र करा. सूतगिरण्या, फाउंड्र्या, पंप आणि मोटारी बनवणारे कारखाने. हात तेलकट करायला न लाजणारे मालक आणि कुठलंही यंत्र उघडून परत जोडणारे कारागीर. मोटारशर्यतीचं वेड मद्रासमध्येही होतं. शोलावरम इथे दुसऱ्या महायुद्धातली एक जुनी धावपट्टी होती, तिच्यावर वर्षानुवर्षं शर्यती व्हायच्या. पण शर्यतीची गाडी इथेच बांधायची, हा खटाटोप कोइंबतूरचा.

तो करणारा माणूस म्हणजे एस. करिवर्धन. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला माहीत नाही. ऐंशीच्या दशकात भारतातल्या रस्त्यांवर मारुती ८०० आली. करिवर्धन यांनी तिचं ७९६ सीसीचं इंजिन घेतलं, त्याभोवती हलका सांगाडा उभा केला आणि उघड्या चाकांची, एका माणसाची शर्यतीची गाडी तयार केली. फॉर्म्युला मारुती. युरोपातल्या गाड्यांपुढे ती खेळण्यासारखी होती, हे खरं. पण तोवर भारतात शर्यत म्हणजे श्रीमंतांच्या जुन्या परदेशी गाड्या आणि घरी वाढवलेल्या फियाट. या मारुतीमुळे सगळ्यांच्या हातात जवळपास सारखीच गाडी आली, आणि कोण खरोखर चांगलं चालवतो ते दिसू लागलं. १९९५ मध्ये विमान अपघातात करिवर्धन गेले. कोइंबतूरजवळच्या चेट्टिपाळयमचा ट्रॅक आज त्यांच्या नावाने ओळखला जातो: कारी मोटर स्पीडवे.

नरेनच्या घरात हे सगळं होतंच. वडील जी. आर. कार्तिकेयन स्वतः रॅलीपटू, राष्ट्रीय विजेते. साउथ इंडिया रॅली त्यांनी सात वेळा जिंकलेली. करिवर्धनही नात्यातलेच. १४ जानेवारी १९७७ ला जन्मलेल्या या मुलाने शाळेत असतानाच ठरवलं की आपण भारताचा पहिला फॉर्म्युला वन चालक व्हायचं. आता असं काय काय आपणही त्या वयात ठरवलेलं असतं. फरक इतकाच, की त्याच्या वडिलांनी ते मनावर घेतलं.

पहिली शर्यत श्रीपेरुंबुदूरची, फॉर्म्युला मारुतीत, आणि पहिल्याच शर्यतीत पोडियम. मग १९९२ मध्ये, पंधराव्या वर्षी, फ्रान्समधल्या एल्फ विनफिल्ड शाळेत. ही साधी ड्रायव्हिंगची शाळा नव्हे; फॉर्म्युला वनमध्ये पोचलेले कितीतरी फ्रेंच चालक तिथून निघालेत. तिथल्या स्पर्धेत तो उपांत्य फेरीपर्यंत गेला. भाषा येत नाही, जेवण वेगळं, आणि सोबतची मुलं आठव्या वर्षापासून गो-कार्ट चालवत आलेली. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. भारतात तेव्हा कार्टिंग म्हणावं असं काही नव्हतंच. ज्या वयात ब्राझीलचा किंवा इटलीचा मुलगा दोन-तीनशे शर्यती करून मोकळा होतो, त्या वयात आपल्याकडचा मुलगा शर्यत फक्त मासिकातल्या फोटोंत बघायचा.

पुढची बारा वर्षं मी भरभर सांगतो. १९९४ ला इंग्लंडमध्ये फॉर्म्युला फोर्डची हिवाळी मालिका जिंकली. युरोपात कुठलंही अजिंक्यपद मिळवणारा तो पहिला भारतीय. १९९६ ला फॉर्म्युला एशियाचं विजेतेपद. १९९८ पासून ब्रिटिश फॉर्म्युला थ्री, कार्लिन संघाकडून. १९९९ ला ब्रँड्स हॅच इथे दोन विजय.

२००० सालच्या ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपाशी मात्र जरा थांबू. नरेन त्या वर्षी मालिकेत चौथा आला. त्याच्या एक पायरी वर, तिसरा, होता ताकुमा सातो नावाचा जपानी तरुण. दोघांचं वय सारखं, दोघंही आशियातून आलेले. सातो तर शर्यतीकडे वळला तोच विशीत. त्याआधी तो सायकलपटू होता. पण सातोच्या मागे होंडा होती. २००२ मध्ये होंडाचं इंजिन वापरणाऱ्या जॉर्डन संघात तो फॉर्म्युला वनला उतरलासुद्धा. नरेनने १४ जून २००१ ला सिल्व्हरस्टोनवर जग्वारची फॉर्म्युला वन गाडी चाचणीसाठी चालवली. ती गाडी चालवणारा पहिला भारतीय. त्याच वर्षी जॉर्डनचीही चाचणी दिली. पण शर्यतीची जागा मिळायला २००५ उजाडलं.

मधली चार वर्षं काय झालं? तो जपानला गेला, मग निसानच्या युरोपातल्या मालिकेत गेला, तिथे जिंकला, आणखी एका संघासाठी चाचणी दिली. गाडी चालवता येते हे दाखवून झालं होतं. अडत होतं पैशावर.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण या विषयावर आपल्याकडे दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक, 'पैसे भरून जागा घेतली हो त्याने'. आणि दुसरं, 'गोऱ्यांनी मुद्दाम घेतलं नाही'. दोन्ही अर्धवट आहेत. फॉर्म्युला वनच्या तळाच्या संघांचा खर्च चालतो तो बऱ्याचदा चालकाने आणलेल्या प्रायोजकांवर. हे काही फक्त आशियाई चालकांनाच करावं लागतं असं नाही. निकी लाउडाने सुरुवातीला बँकेचं कर्ज काढून जागा मिळवली होती, आणि तो तीनदा जगज्जेता झाला. मुद्दा असा की युरोपातल्या किंवा जपानच्या चालकाला घराजवळ मोटार कंपन्या असतात, ज्यांना या खेळात राहण्यात स्वतःचा फायदा दिसतो. भारतातल्या कंपनीला २००० साली समजावून सांगावं लागायचं की फॉर्म्युला वन म्हणजे काय, आणि ते बघतं कोण. त्या काळात क्रिकेट सोडून दुसऱ्या कशावर पैसा लावायचा तर मन धजत नसे. शेवटी टाटा उभे राहिले. मुंबईच्या बॉम्बे हाऊसमधल्या या समूहाचं नाव जॉर्डनच्या पिवळ्या गाडीवर झळकलं, सोबत भारत पेट्रोलियमचंही. १ फेब्रुवारी २००५ ला घोषणा झाली.

जॉर्डन हा एकेकाळचा झकास संघ. १९९१ मध्ये मायकेल शूमाखरने पहिली शर्यत केली ती याच संघाकडून. पण २००५ च्या जानेवारीत एडी जॉर्डन यांनी संघ विकून टाकला होता आणि जुनी होत चाललेली गाडी कशीबशी वर्ष ढकलणार होती. नरेन आणि त्याचा पोर्तुगीज साथीदार टियागो मोंतेरो, दोघंही नवखे. मेलबर्नच्या पहिल्या शर्यतीत नरेन पात्रता फेरीत बारावा आला. बारावा! पावसाने थोडी मदत केली, ठीक आहे, पण पाऊस सगळ्यांवरच पडत होता. शर्यतीत पंधरावा. त्या रविवारी सकाळी भारतातल्या किती घरांत, क्रिकेट नसतानाही, स्पोर्ट्स चॅनल लागलं असेल!

आणि आता येतो इंडियानापोलिस.

१९ जून २००५. जूनचा तिसरा रविवार, म्हणजे अमेरिकेतला फादर्स डे. शिकागोहून तीन तासांचा रस्ता, ओहायोहून त्याहूनही कमी. बापलेकांनी मिळून जायला याहून चांगला दिवस कुठला! एक लाखाहून अधिक माणसं स्टँडमध्ये होती.

गडबड सुरू झाली होती ती शुक्रवारीच. इंडियानापोलिसचा ट्रॅक मुळात लंबगोल, इंडी ५०० साठी ओळखला जाणारा. फॉर्म्युला वनसाठी आतल्या मैदानात वळणं काढली होती, पण शेवटचं तेरावं वळण मूळ लंबगोलाचंच होतं: एका बाजूने उतरतं, आणि पूर्ण वेगात घ्यायचं. अशा वळणावर सगळा भार बाहेरच्या बाजूच्या, म्हणजे डाव्या टायरवर येतो. शुक्रवारच्या सरावात राल्फ शूमाखरच्या टोयोटाचं डावं मागचं टायर तिथेच फुटलं आणि गाडी भिंतीवर आदळली. टायर मिशेलिनचं. तपासाअंती मिशेलिननेच लेखी सांगितलं, की आमची ही टायर्स त्या वळणावर पूर्ण शर्यत टिकतील याची आम्ही खात्री देऊ शकत नाही.

त्या वर्षीचा नियम असा होता की पात्रता फेरीचीच टायर्स शर्यतभर वापरायची, मध्ये बदलायची नाहीत. दहापैकी सात संघ मिशेलिनचे, म्हणजे वीसपैकी चौदा गाड्या. उरलेले तीन, फेरारी, जॉर्डन आणि मिनार्डी, ब्रिजस्टोनवर. ब्रिजस्टोनच्याच फायरस्टोनला इंडी ५०० मुळे त्या ट्रॅकचा नवा पृष्ठभाग माहीत होता. त्यांची टायर्स ठणठणीत राहिली.

शनिवारभर आणि रविवारी सकाळी बैठकांवर बैठका. तेराव्या वळणाआधी एक अडथळा टाका, गाड्या तिथे हळू होतील, असा तोडगा निघाला. फेरारी सोडून सगळे तयार होते. नियामक संस्था एफआयए म्हणाली, ऐनवेळी ट्रॅक बदलता येणार नाही. ज्यांची टायर्स कच्ची आहेत त्यांनी वळणावर हळू जावं. आपल्या गृहनिर्माण सोसायटीच्या सभा आठवा. तसंच, फक्त कोट्यवधी डॉलर पणाला लागलेले. तोडगा निघाला नाही.

दुपारी वीसच्या वीस गाड्या शर्यतीआधीची फेरी मारायला निघाल्या. लोकांना वाटलं, चला, मिटलं. फेरी संपता संपता चौदा गाड्या एकापाठोपाठ एक पिट लेनमध्ये वळल्या आणि गॅरेजात गेल्या. सुरुवातीच्या रेषेवर उरल्या सहा. शूमाखर पाचव्या चौकटीत, बारिकेलो सातव्या, आणि पार मागे, सतराव्या ते विसाव्या जागेवर, मोंतेरो, आल्बर्स, कार्तिकेयन, फ्रीजाखर. मध्ये सगळं रिकामं. दिवे विझले आणि शर्यत सुरू झाली. स्टँडमधून शिट्ट्या, 'बू', आणि ट्रॅकवर बाटल्या.

आता तुम्ही त्या हेल्मेटच्या आत आहात असं समजा. वय अठ्ठावीस. लहानपणापासून जे मागितलं ते मिळालं ते असं: समोर लाखभर माणसं, आणि त्यांना तुम्ही गाडी चालवायला नको आहात. त्र्याहत्तर फेऱ्या. साथीदार मोंतेरो पुढे, मिनार्डी मागे. चूक केली तर गुण गेले, कारण असा दिवस पुन्हा येणार नाही हे सहाही जणांना कळत होतं. पहिल्या आठ जणांना गुण मिळायचे, आणि धावत होते सहाच. नरेन आल्बर्सच्या पुढे गेला आणि पुढेच राहिला. चौथा. पाच गुण. फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय. आणि आज, इतक्या वर्षांनंतरही, एकमेव.

पोडियमवर फेरारीचे दोघे अवघडून उभे होते आणि लगेच उतरूनही गेले. मोंतेरो मात्र शँपेन उडवत एकटाच आनंद साजरा करत राहिला. त्याला काही लोक हसले. मला ते अगदी बरोबर वाटतं. पोर्तुगालच्या त्या मुलाला फॉर्म्युला वनमध्ये पुन्हा कधीच पोडियम मिळालं नाही.

तर शाळेतल्या त्या पहिल्या मुलासाठी एक आकडा. मायकेल शूमाखरने कारकिर्दीत ९१ शर्यती जिंकल्या. २००५ मध्ये त्याने एकच जिंकली, आणि ती हीच, सहा गाड्यांची. त्या ९१ मधून ही शर्यत कुणी वजा करतं का? मी तरी अजून कुणी ९० म्हटलेलं ऐकलेलं नाही. मोठ्या माणसाच्या खात्यात सगळं जमा होतं, आणि लहानाच्या खात्यावर लगेच तारांकित टीप पडते. वजा करायचंच तर दोघांच्या खात्यातून करू या.

आणि दुसऱ्या मुलालाही एक सांगायला हवं, कारण कौतुक करताना आपणही घसरतो. चौथा क्रमांक म्हणजे त्या वर्षी जगातला चौथा उत्तम चालक, असं नव्हे. त्याचं मोजमाप दुसरीकडे आहे: मेलबर्नचा बारावा, सुझुकाच्या पात्रता फेरीतला अकरावा. त्या गाडीत, त्या वर्षी, हे आकडे चांगले होते. मात्र शांघायच्या शेवटच्या शर्यतीत त्याने गाडी भिंतीवर आपटून तिचे तुकडेही केले. वेग होता, सातत्य कमी पडलं.

पुढच्या वर्षी जॉर्डन संघच राहिला नाही, त्याचं मिडलँड झालं. नरेन विल्यम्सकडे चाचणी चालक म्हणून गेला. चाचणी चालक म्हणजे मैल खायचे आणि शर्यतीच्या दिवशी हेडफोन लावून उभं राहायचं. डिसेंबर २००७ मध्ये ए-वन ग्रां प्रीत, ज्यात देशांचे संघ असत, त्याने चीनच्या झुहाई इथे भारताला पहिला विजय मिळवून दिला. २००९ ला ले माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीसाठी ऑडीची गाडी मिळाली, आणि शर्यत सुरू व्हायच्या आधीच पिटच्या भिंतीवरून उडी मारताना पडून त्याचा खांदा निखळला. बाकीच्या दोघांनी मिळून चोवीस तास गाडी चालवली. नशीब, दुसरं काय.

२०१० साली पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षी स्वारी अमेरिकेत. नॅस्कारची ट्रक मालिका! व्हर्जिनियातल्या मार्टिन्सव्हिलला, अर्ध्या मैलाच्या लंबगोलावर, जिथे धक्का मारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, तिथे तो पहिल्याच शर्यतीत तेरावा आला. वर्षाअखेरीस चाहत्यांच्या मतांवर दिला जाणारा मालिकेतल्या सर्वांत लोकप्रिय चालकाचा मान त्याला मिळाला. मतदान ऑनलाइन होतं. आपली लोकसंख्या आणि आपली आयटी मंडळी कामी आली, असं मी म्हणालो तर कुणी रागावू नका.

२०११ मध्ये, सहा वर्षांनी, तो फॉर्म्युला वनमध्ये परत आला. संघ हिस्पानिया, म्हणजे एचआरटी. रांगेतला सगळ्यात गरीब. नियम असा, की पात्रता फेरीतली तुमची वेळ सगळ्यात वेगवान वेळेच्या १०७ टक्क्यांच्या आत हवी, नाहीतर शर्यतीला बसू देणार नाहीत. मेलबर्नला दोन्ही वर्षं एचआरटीच्या दोन्ही गाड्या याच नियमाने बाद झाल्या. २६ जून २०११ ला व्हॅलेन्सियात एक गंमत झाली. सुरुवात केलेल्या चोवीसच्या चोवीस गाड्यांनी शर्यत पूर्ण केली आणि नरेन शेवटचा आला. फॉर्म्युला वनच्या इतिहासात चोविसावा क्रमांक मिळवणारा तो पहिलाच! एकाच कारकिर्दीत सहांतला चौथा आणि चोविसांतला चोविसावा. पुढच्या शर्यतीपासून त्याची जागा डॅनिएल रिकार्डो नावाच्या नव्या मुलाला मिळाली.

पण ३० ऑक्टोबर २०११ ची तारीख राखून ठेवली होती. ग्रेटर नोएडात बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर पहिली इंडियन ग्रां प्री. नरेनला त्या एका शर्यतीसाठी गाडी परत मिळाली. त्याच शनिवार-रविवारी दुसरा भारतीय चालक, चेन्नईचा करुण चंढोक, याला त्याच्या संघाने शुक्रवारच्या सरावात गाडी दिली आणि शर्यतीत मात्र बसवलं नाही. घरच्या लग्नात पंगतीबाहेर उभं राहावं तसं झालं ते. नरेन सतरावा आला, आणि साथीदार रिकार्डोच्या पुढे. हाच रिकार्डो पुढे आठ ग्रां प्री जिंकला, हे ध्यानात घ्या.

आता मलेशिया, मार्च २०१२. मुसळधार पाऊस. एचआरटीने सुरुवातीपासूनच पूर्ण पावसाळी टायर लावलेले. बाकीचे बदलायला पिटमध्ये गेले आणि बघता बघता नरेन दहावा! पावसामुळे शर्यत थांबवली तेव्हा त्या टिनपाट गाडीतला आपला माणूस गुणांच्या जागेवर उभा होता. पुन्हा सुरू झाल्यावर ते टिकणं शक्यच नव्हतं. आधी जेन्सन बटन येऊन धडकला, चूक बटनची. मग एक फेरीने पुढे जाताना सेबास्टियन व्हेटेलच्या टायरला नरेनच्या गाडीचा पुढचा पंख लागला. जगज्जेत्याचं टायर फाटलं, गुण गेले, आणि शर्यत संपल्यावर त्याने जर्मन टीव्हीवर नरेनला काकडीची उपमा दिली. वाईट चालकाला त्यांच्याकडे तसं म्हणतात. नरेनने उलट त्याला रडका म्हटलं. पंचांनी शिक्षा नरेनला केली. व्हिडिओ पाहून माझं मत असं, की जागा दोघांनीही थोडी थोडी सोडायला हवी होती. पण खरं काय, तर एकाची गाडी दुसऱ्याहून प्रत्येक फेरीला कित्येक सेकंद हळू असताना दोघांना एकाच ओल्या रस्त्यावर सोडलं की हे होणारच.

२०१२ च्या अखेरीस एचआरटी बंद पडली, आणि ४६ शर्यतींवर नरेनची फॉर्म्युला वन कारकीर्द थांबली. इंडियन ग्रां प्रीही तीनच वर्षं टिकली. उत्तर प्रदेश सरकारने तिला खेळ मानलं नाही, करमणूक मानून कर लावला. आयकराचा वाद पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्या खेळात माणसाची मान वेगवान वळणांवर डोक्याच्या वजनाच्या कित्येक पट ताण सोसते, त्याला करमणूक कर! नाटक-सिनेमाच्या रांगेत बसवून टाकलं.

बरेच जण इथे गोष्ट संपवतात. पण तो थांबला नाही. जपानला गेला, आणि २०१४ ते २०१८ सुपर फॉर्म्युलात धावला; फॉर्म्युला वनच्या खालोखालच्या वेगाच्या या गाड्या. मग २०१९ ला सुपर जीटी. त्या वर्षी २४ नोव्हेंबरला, फुजी पर्वताच्या पायथ्याशी, जपानच्या सुपर जीटी आणि जर्मनीच्या डीटीएमच्या गाड्यांची एकत्र शर्यत झाली. बेचाळीस वर्षांच्या नरेनने होंडाच्या गाडीत ती जिंकली. एकवीस-बावीस गाड्या होत्या हो त्यात, मोजणाऱ्यांसाठी सांगतो. आणि होंडा, जी वीस वर्षांपूर्वी सातोच्या पाठीशी होती, तीच. सातोने तोवर इंडी ५०० जिंकली होती, आणि २०२० मध्ये पुन्हा जिंकली. कुठे? इंडियानापोलिसलाच.

त्यानंतरची मुलं? मुंबईचा जेहान दारूवाला डिसेंबर २०२० मध्ये बहरीनला फॉर्म्युला टूची शर्यत जिंकला, असा पहिला भारतीय. आणि संघ कोणता, तर कार्लिन, ज्याच्याकडून नरेन फॉर्म्युला थ्री चालवायचा. कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीत उतरला. बंगळूरुच्या कुश मैनीनेही फॉर्म्युला टूत शर्यत जिंकली आहे. या मुलांना लहानपणी कार्टिंगचा ट्रॅक मिळाला, आणि बघायला कुणीतरी होतं. फॉर्म्युला वनच्या शर्यतीच्या जागेपर्यंत मात्र नरेन आणि करुण यांच्यानंतर अजून कुणी पोचलेलं नाही. पैशाचं गणित तेच आहे, फक्त आकडे वाढले.

जाता जाता एक विनंती. १९ जून २००५ ला इंडियानापोलिसच्या स्टँडमध्ये आपल्यापैकी कुणी होतं का? मिशेलिनने नंतर तिकिटांचे पैसे परत दिले होते, पण काहींनी तिकिटाचा तुकडा जपून ठेवला असेल. तुम्हीही 'बू' केलं होतं, की ती पिवळी गाडी जाताना उठून उभे राहिला होतात? खरं काय ते लिहा. पुढच्या रविवारी वाचून दाखवू. शाळेतली ती दोन्ही मुलं ऐकत असतील.